गिरजाबाईचं रडणं

ते रडणं गिरजाबाईचं होतं. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढं कुणी फाटे फोडायला नको.

जुन्या मालिकांच्या पडद्यामागच्या गोष्टी सांगणारे कार्यक्रम हल्ली मोबाइलवर येतात. कोणता नट कुणावर रुसला, कुणाच्या मिशा चिकटवलेल्या होत्या, पाऊस नळीनं कसा पाडला, असलं सगळं. माझी सून दुपारी भांडी झाली की ते बघत बसते. मागच्या महिन्यात तिनं मला हाक मारली, "आत्याबाई, या इकडं. आपल्या गावच्या शूटिंगचं सांगायल्यात."

मी गेले. नटीबाई खुर्चीत बसल्या होत्या. आता म्हाताऱ्या झाल्या आहेत, पण चेहरा राखला आहे. त्या सांगत होत्या, मालिकेतली त्यांची मुलगी मरते तो प्रसंग करायचा होता. त्यांनी डोळे मिटले, स्वतःच्या आजीला आठवलं आणि एका दमात ते रडणं केलं. सगळं गाव त्यांच्याबरोबर रडलं. आजही लोक त्यांना त्या रडण्यावरून ओळखतात. समोरच्या मुलाखतवाल्यानं डोळे पुसले.

मी मोबाइल सुनेच्या मांडीवर टाकला. ती म्हणाली, "फुटंल की ओ." मी म्हटलं, "फुटू दे."

सेलूला भर सभागृहात जे झालं, त्यानंतरही ही बाई तेच सांगते आहे. म्हणून मी लिहायला बसले. मी चौथी शिकलेली आहे. चौथीत जेवढं लिहायला शिकवतात तेवढं खरं सांगायला पुरतं. मालिकेचं नाव लिहिणार नाही, नटीबाईंचं तर नाहीच. त्यांचं नाव सगळीकडं आहे. ज्या दोघींचं नाव कुठंच नाही, त्यांचं लिहिते. एक गिरजाबाई. दुसरी तिची लेक, सोजर.

गिरजाबाई आता नाही. मागच्या हिवाळ्यात गेली. तिच्यासाठी गळा काढायला गावात कुणी उरलं नव्हतं. मला येत नाही. मी नुसती बसून राहिले.

आमचं गाव वालूरपासून पायी तासाभरावर. गिरजाबाईचं घर आमच्या घराला लागून, मध्ये बाभळीच्या काट्यांचं कुंपण. त्यांची मेंढरं आणि शेळ्या, आमचं चार एकर रान. पीक निघालं की त्यांची मेंढरं आमच्या रानात बसायची, लेंड्यांचं खत पडायचं, आणि आम्ही त्यांना ज्वारी द्यायचो. ती माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. उंच, वाळलेली, एका कानाची पाळी फाटलेली. करडानं बाळी ओढली होती. लोक म्हणायचे शिवून घे. ती म्हणायची, "कान ऐकायला हाय, ऐकू येतंय."

तिला वाचता येत नव्हतं आणि त्याची लाजही नव्हती. मी चौथीपर्यंत शिकले म्हणून मला 'मास्तरीणबाई' म्हणायची, आणि ते कौतुकानं नव्हे. "मास्तरीणबाई, ह्या पुडीवर काय लिवलंय वाच. मीठच हाय न्हवं? का मीठ म्हणून भुकटी दिलीय त्या शेठनं?"

शेळ्यांना ती नावं ठेवायची, आणि ज्याच्यावर राग असेल त्याचं नाव ठेवायची. राग गेला की नाव बदलायची. एका वर्षी तिच्या कळपात तलाठी होता, सोसायटीचा चेअरमन होता आणि दोन महिने मी होते. मी तिला पाट्यावरचं वाटण दिलं नाही म्हणून. कुंपणापलीकडून रोज सकाळी माझ्या नावानं शिव्या ऐकू यायच्या, "शांते, मेले, त्या कडब्यात तोंड घालू नको, सांगून ठिवते!" मी एक दिवस वैतागून म्हटलं, "गिरजाबाई, बास कर आता. सगळं गाव हसायलंय." ती म्हणाली, "मंग वाटण दे." दिलं. दुसऱ्या दिवशी ती शेळी ग्रामसेवक झाली होती.

कुणी तिच्याजवळ चुगली घेऊन आलं, कुणाचं तरी असं असं झालं म्हणे, तर ती पहिलं विचारायची, "नाव घे. बिननावाचं म्या ऐकत न्हाई." निम्म्या चुगल्या तिथंच मरायच्या.

आता रडण्याचं सांगते. आमच्या भागात माणूस गेलं की बायका नुसत्या अश्रू गाळत नाहीत. गळा काढतात. मेलेल्याचं नाव घेऊन, त्याच्याशी बोलत बोलत रडतात. त्यानं काय सोसलं, काय खायचं राहिलं, कुणाला मागं ठेवलं, सगळं त्यात येतं. गिरजाबाईला हे जसं यायचं तसं आसपासच्या कुठल्या गावात कुणाला येत नव्हतं. आवाज वर चढायचा, वर गेल्यावर क्षणभर थांबायचा आणि नाव घेऊनच खाली यायचा. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. आणि त्यात खोटं एक अक्षर नसायचं. लोकांना खरी भीती तिची होती. कारण रडणाऱ्या बाईला कुणी गप्प बस म्हणत नाही. तसा रिवाज आहे.

गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याचा बाप वारला. गणपतराव त्यांचं नाव. पाहुणे परभणीपासून, जिंतूरपासून आले होते. मुलगा दारात उभं राहून सांगत होता, "आमी बापाला फुलासारखं जपलं." तेवढ्यात गिरजाबाई आली. म्हाताऱ्याच्या पायाशी बसली आणि गळा काढला.

"गणपतदादा रं, गोठ्यात तुझी बाज रं दादा! म्हशीच्या शेपटीचा वारा खाल्लास रं दादा! पाणी द्या म्हणलास तवा सुनंनं रेडूचा आवाज मोठा केला रं गणपतदादा!"

पाहुण्यांच्या माना खाली गेल्या. सून आतल्या घरात पळाली. मुलगा पुढं येऊन म्हणाला, "बास आता गिरजाबाई, तब्येत बिघडंल तुमची." तर त्याचा मामा म्हणाला, "रडू दे तिला. आमाला बी कळू दे." तिनं सगळं सांगून संपवलं, पदरानं नाक पुसलं आणि लगेच साध्या आवाजात विचारलं, "आज पिठलं-भाकर कोणाच्या घरून येणार हाय? तिखट कमी टाकायला सांगा, लेकरं हायती."

त्या हंगामात गावातल्या किती तरी म्हाताऱ्यांच्या बाजा गोठ्यातून घरात आल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पण जित्या माणसाच्या नावानं ती कधी रडायची नाही. गमतीनंही नाही. आणि एखाद्यासाठी पुरतं रडून झालं की त्याच्यासाठी परत गळा काढायची नाही. वर्षश्राद्धाला कुणी आग्रह केला तर म्हणायची, "रडून झालंय. आता जेवायला बोलावलं हाय न्हवं? वाढा."

स्वतःच्या लेकीसाठी मात्र ती रडली नव्हती.

सोजर पाच वर्षांची होती. मेंढरं घेऊन ते लोक दूर दूर जायचे, त्या वर्षी पूर्णेच्या पुढं, चुडाव्याकडं होते. पोरीला तीन दिवस ताप आला. चौथ्या दिवशी सकाळी गेली. ज्याच्या रानात मेंढरं बसवली होती त्यानं बांधाला पुरायला जागा दिली. पण त्याची आई आली आणि म्हणाली, "माझं खळं लागलंय बाई. रास पडायच्या टायमाला इथं गळा काढू नको." परकं रान, परकी माणसं. गिरजाबाईनं पदराचा बोळा करून तोंडात घातला आणि लेकीवर माती लोटली. दुसऱ्या दिवशी मेंढरं हलवावी लागली. चारा संपला होता. गावात परत आली तेव्हा पाच महिने होऊन गेले होते. तिनं हे मला एकदाच सांगितलं, शेळीच्या केसांची दोरी वळता वळता. दोरी थांबली नाही.

त्याच्यानंतर आठ-नऊ वर्षांनी शूटिंगवाले आले.

तेव्हा टीव्हीवर एकच चॅनल होतं. त्यांना विजेचे खांब न दिसणारी गल्ली पाहिजे होती. आमच्या गल्लीत वीजच नव्हती. आमची अडचण त्यांच्या सोयीची झाली. बारा दिवस गाव त्यांनी डोक्यावर घेतलं. नव्या साड्या चहाच्या पाण्यात बुडवून मळकट केल्या, आणि आमच्या मळक्या साड्या बघून म्हणाले, ह्या कॅमेऱ्यात बऱ्या दिसत नाहीत. गरीब शेतकरी झालेला नट आमच्या विहिरीचं पाणी पीत नव्हता. माझ्या दारात चूल मांडली, फोटोत चांगली दिसते म्हणून तीन दगडांची मातीनं सारवली, आणि जाताना तशीच ठेवून गेले. ती चूल पेटत नव्हती.

शेवटच्या दिवसांत मुलगी मरायचा प्रसंग होता. मुलीचं काम करणारी सहा-सात वर्षांची शहरातली पोर बाजेवर निजवली होती. नटीबाई तिच्या उशाशी बसल्या आणि रडल्या. त्यांना रडता येत होतं, पण ते शहरातलं, नाकातून. दिग्दर्शकाला गावातलं पाहिजे होतं. मग त्यांनी गळा काढायचा प्रयत्न केला, आणि आम्ही बायका पदर तोंडात कोंबून हसायला लागलो. दिग्दर्शक आमच्यावर चिडला. "हसता काय? तुमच्यात येतं कुणाला?" सगळ्यांनी एकाच बाजूला बोट केलं. गिरजाबाई शेळ्या घेऊन चालली होती.

दिग्दर्शक म्हणाला, "बाई, तुम्ही फक्त रडायचं. आम्ही आवाज घेणार."

"कोण गेलं?"

"कुणी नाही हो. मालिकेतली मुलगी."

"ती तिथं गोळी चघळायलीय."

खरंच चघळत होती. संत्र्याची गोळी, गाल फुगला होता.

"हो, पण ती मेली असं समजायचं."

"तुमी समजा. म्या न्हाई समजत. जित्या लेकराच्या नावानं गळा काढू? तिच्या मायला काय तोंड दावू?"

पोरीची आई छत्रीखाली बसली होती. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मलाही ते बरं वाटत नाही हो." दिग्दर्शकानं हात जोडले. "मग कुणाच्याही नावानं रडा! नावाचं आम्ही नंतर बघून घेऊ. उजेड चाललाय माझा."

गिरजाबाईनं पुढची शेळी गाडीच्या चाकाला बांधली. मग म्हणाली, "माझं एक रडायचं राह्यलंय. ते रडते. पण एकदाच."

ती भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली. कानाला टोपासारखं यंत्र लावलेला एक माणूस तिच्यासमोर दांडी धरून बसला. आणि तिनं गळा काढला.

"सोजर गं! चुडाव्याच्या बांधाला एकली ठिवली गं सोजर! वाकळ न्हाई घातली आंगावर, माती घातली गं सोजर! मेंढराला थांबता येईना, माय निघून आली गं सोजर!"

चार वेळा तिनं नाव घेतलं. मी मोजलं नव्हतं, पुढं मोजायची वेळ आली म्हणून आठवतं. हसणारी एकही बाई उरली नव्हती. खोटं कशाला सांगू, नटीबाईही रडल्या. पण उभ्यानं, रुमाल लावून, तोंडातून आवाज न काढता. तेवढंच त्यांचं. बाकी सगळं गिरजाबाईचं.

संपल्यावर दिग्दर्शक म्हणाला, "वा! मागं शेळी ओरडली जरा, परत एकदा घेऊ."

"रडून झालं," गिरजाबाई म्हणाली. तिनं शेळी सोडली आणि निघून गेली.

मालिका रविवारी सकाळी लागायची. ग्रामपंचायतीनं बॅटरीवर टीव्ही लावला. तो भाग आला त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. गिरजाबाई सगळ्यांत पुढं बसली होती, धुतलेलं लुगडं नेसून. पडद्यावर नटीबाई बाजेच्या उशाशी, तोंडावर पदर घेतलेला, ओठ दिसू नयेत म्हणून. आणि आतून आवाज गिरजाबाईचा. लोक ओरडले, "गिरजाबाई! गिरजाबाई!" तिनं हातानं गप्प केलं. ती ऐकत होती.

आवाज वर चढला, थांबला, आणि जिथं सोजरचं नाव यायचं तिथं कावळा ओरडला. परत आवाज चढला, परत कावळा. चारी ठिकाणी तोच कावळा. चुडाव्याचा बांध गेला, मेंढरं गेली. नुसता हेल, "माती घातली गं" आणि कावळा.

गिरजाबाईनं मागं वळून मला विचारलं, "सोजर कुठाय?"

"कापली असंल," मी म्हटलं.

"मंग ही बाई कोणासाठी रडायलीय? कावळ्यासाठी?"

लोक हसले. ती हसली नाही. शेवटी नावांची पाटी पळायला लागली. "वाच मास्तरीणबाई, भराभरा वाच." मी वाचलं. मोटार चालवणाऱ्याचं नाव होतं. चहा करणाऱ्याचं होतं. गिरजाबाईचं नव्हतं.

"मपलं न्हाई तर न्हाई," ती म्हणाली. "तिच्यासाठी रडले ना म्या? मंग तिचं कामून काढलं? आता ते रडणं कोणाला पोचलं?"

हे तिचं दुःख होतं, आणि मला ते आजपर्यंत कुणा शहरातल्या माणसाला समजावून सांगता आलं नाही. मान मिळाला नाही हे तिचं गाऱ्हाणं नव्हतंच. तिच्याकडं लेकीसाठी एकच रडणं होतं. ते तिनं नऊ वर्षं तोंडात बोळा घालून दाबून ठेवलं. दिलं ते नाव घेऊन दिलं. ह्यांनी नाव काढून टाकलं आणि रडणं ठेवून घेतलं. तिचा नियम असा, की परत रडता येत नाही. म्हणजे सोजर बिनरडण्याचीच राहिली.

मी टीव्हीवाल्यांना पत्र लिहिलं. माझ्या हातानं, चौथीच्या अक्षरात, की नावासकट असलेली फीत द्या नाहीतर नावासकट परत दाखवा. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं. त्या कानाला टोप लावणाऱ्या माणसाचं होतं. चांगला माणूस असावा. त्यानं लिहिलं होतं, गोष्टीतल्या मुलीचं नाव वेगळं आहे म्हणून ते काढावं लागलं. मूळ फीत मी जपून ठेवा म्हणून सांगितलं होतं, पण फिती कमी पडतात, जुन्या पुसून वापरतात. तुमच्या बाईंच्या फितीवर शेतीचा कार्यक्रम भरला गेला. कांदा साठवणुकीचा. क्षमस्व.

मी तिला वाचून दाखवलं. तिनं दोनदा विचारलं, "कांद्याचा?"

"हो."

"निदान कांदा तरी टिकला का, इचार त्यांला."

पुढं नटीबाईंना त्या प्रसंगासाठी बक्षीस मिळालं. त्यांचा ट्रॉफी घेतलेला फोटो छापून आला. मी गिरजाबाईला दाखवला. तिनं बघितला आणि म्हणाली, "रंग उजळलाय बाईचा," आणि शेळ्यांना पाणी दाखवायला गेली. त्या वर्षी तिनं एकाही शेळीला नटीबाईंचं नाव ठेवलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "शेळीनं काय घोडं मारलंय?"

वर्षं गेली. सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. आणि एक दिवस आम्ही दोघी देवगाव फाट्यावर जीपची वाट बघत उभ्या होतो, तर चहाच्या टपरीतून गिरजाबाईचं रडणं ऐकू आलं. तेच. वर चढणारं, थांबणारं, मग कावळा. आणि कावळा ओरडला की चार-पाच दाढीमिशावाले बाप्ये खदाखदा हसत होते. गिरजाबाई काठी टेकत सरळ टपरीत.

"कोण गेलं बाबा?"

"कोणी न्हाई आजी. मॅच हरलो."

"म्हंजी मेलं कोणीच न्हाई?"

"न्हाई ओ. मजाक हाय. सगळेच टाकायल्यात हे स्टेटसला, नापास झालं की टाकतेत, बायको माहेरी गेली की टाकतेत."

"माझी लेक हाय ती," गिरजाबाई म्हणाली.

त्यांना काही कळलं नाही. एक जण म्हणाला, "आजी, चहा घेता का?" त्याचा काही दोष नव्हता. दोष ज्यांचा होता ते खुर्चीत बसून मुलाखती देत होते. जीपमधून घरी उतरल्यावर ती एवढंच म्हणाली, "नाव असतं तर हसले नसते. नाव घेऊन रडलेल्याला कोणी हसत न्हाई."

मग सेलूचा कार्यक्रम ठरला. एका मंडळानं नटीबाईंचा सत्कार ठेवला होता. मालिका आपल्या भागात झाली, तेव्हाची माणसं पुढच्या रांगेत बसवू, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. आमच्या सरपंचाकडं निरोप आला, जीप आली. गिरजाबाईनं ऐंशी पार केली होती. मला वाटलं नाही म्हणेल. ती म्हणाली, "चल. बाईला भेटायचंय."

दुपारचा कार्यक्रम होता. स्टेजच्या मागच्या खोलीत नटीबाई बसल्या होत्या. आम्हाला बघून उठल्या, "मावशी!" म्हणून गिरजाबाईला मिठी मारली. फोटोवाल्यानं फोटो काढला. ओळखलं नव्हतं, ते मला डोळ्यांवरून कळलं.

गिरजाबाई म्हणाली, "बाई, ते रडले म्या होते. आठवतंय का? शेळी गाडीला बांधली होती."

नटीबाई थांबल्या. एक क्षण त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. मग म्हणाल्या, "मावशी, आवाजात काही तांत्रिक बदल केले होते त्यांनी, पण खरं सांगू? मी रडले होते. मला अजून तसंच आठवतं."

"रडल्या होत्या की तुमी. म्या कुठं न्हाई म्हणते? रुमाल लावून. मला मपलं नाव नको. तुमचंच ठिवा. तेवढं पोरीचं नाव सांगा लोकायला. सोजर. ते रडणं सोजरसाठी हाय एवढं म्हणा. बाकी काय न्हाई."

"सांगते ना. नक्की सांगते." त्यांनी गिरजाबाईचा हात दोन्ही हातांत धरला. हात सोडताना पदराला पुसला. मी पाहिलं.

सभागृह भरलं होतं. भाषणं झाली. नटीबाई बोलायला उभ्या राहिल्या. गाव सांगितलं, धूळ सांगितली, विहिरीचं पाणी किती गोड होतं ते सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि तो प्रसंग. मी डोळे मिटले आणि माझ्या आजीला आठवलं." माझ्या शेजारी गिरजाबाई पुढं झुकून वाट बघत होती. आजी झाली, एक दम झाला, सगळं गाव रडलं. सोजर आली नाही. "आता आपण तो प्रसंग बघू या," असं म्हणून त्या बाजूला झाल्या आणि मोठ्या पडद्यावर तो भाग सुरू झाला.

आवाज वर चढला. थांबला. आणि कावळ्याच्या आधी गिरजाबाई म्हणाली, "सोजर!"

बसल्या जागेवरून, गुडघ्यांवर हात ठेवून. ती रडली नाही. तिचा नियम तिनं मोडला नाही. रानात लांब गेलेल्या लेकराला मायनं हाक मारावी तशी हाक मारली. पण बरोबर त्या सुरात, बरोबर त्या जागेवर.

मागून कुणी हसलं. एक बिल्ला लावलेला टकला माणूस धावत आला. "आजी, शांत बसा, कार्यक्रम चालू हाय."

मी म्हटलं, "तिचाच कार्यक्रम चालू हाय. तूच सरक बाजूला."

पडद्यावरचा आवाज परत चढला. "सोजर!" आता हसणारे कमी झाले. तो बिल्लेवाला आमच्यासमोर उभा होता, पण वाकला नाही, हात लावला नाही. तिसऱ्या वेळी सभागृहात पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. लोकांना आता कळलं होतं, की पडद्यावरचा गळा आणि पुढच्या रांगेतल्या म्हातारीचा गळा एकच आहे. वय झालेला, फाटलेला, पण तोच. पडद्यावर तोंड झाकलेलं होतं, आणि खाली तोंड उघडं होतं. चौथ्या वेळी कावळा कुणाला ऐकूच आला नाही.

दिवे लागले. नटीबाई स्टेजच्या कडेला उभ्या होत्या. हातातला माइक खाली गेला होता. मला वाटलं, आता सांगतील. एवढं झाल्यावर दगडही बोलला असता. त्यांनी माइक वर उचलला, गळा साफ केला आणि म्हणाल्या, "बघा, इतक्या वर्षांनंतरही आजींना भावना आवरल्या नाहीत. ही त्या प्रसंगाची ताकद आहे. आजींसाठी जोरदार टाळ्या!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोकांना सांगितलं की वाजवतात.

"टाळ्या कशाच्या वाजवायल्यात?" गिरजाबाईनं मला विचारलं.

"तुला गप्प करायल्यात," मी म्हटलं.

"नाव घेऊन झालंय," ती म्हणाली आणि काठी घेऊन उठली. टाळ्या चालू असतानाच आम्ही मधल्या वाटेनं बाहेर पडलो.

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. ती एकेक पायरी बघून उतरत होती. मागून तो बिल्लेवाला शाल आणि नारळ घेऊन पळत आला. "आजी, थांबा, तुमचा सत्कार राहिला. सगळ्यांचा करायलोत."

ती थांबली. "कोणाचं नाव घेत होते म्या?" तिनं त्याला विचारलं.

तो गोंधळला. "गिरजाबाई न्हवं का तुमी?"

"मपलं न्हाई. आत कोणाला हाका मारायले होते?"

त्यानं टकलावरचा घाम पुसला. मागं सभागृहाकडं बघितलं, मग तिच्याकडं. "सोजर," तो म्हणाला.

"परत म्हण."

"सोजर."

तिनं नारळ घेतला, शाल त्याच्या हातात तशीच ठेवली, आणि जीपकडं चालायला लागली.